काळ्या वस्तीने उभारलेली रुग्णवाहिका

आपल्या वस्तीत एखादा माणूस अचानक कोसळला की काय होते, हे कोणाला सांगायला नको. आरडाओरड होते. कोणी पाणी आणतो, कोणी कांदा फोडतो, कोणी पायातली चप्पल नाकाला लावतो. चार जण हातपाय धरून त्याला उचलतात आणि रिक्षात मुटकुळे करून कोंबतात. त्याची मान छातीवर पडलेली असते आणि रिक्षावाल्याला सगळ्यांचे एकच सांगणे असते, "पळव, पळव!" इस्पितळात डॉक्टर नाडी पाहतात आणि म्हणतात, उशीर झाला. मग घरची माणसे जन्मभर हळहळत राहतात की रिक्षा आणखी जोरात गेली असती तर!

रिक्षा जोरातच गेली होती. पण त्या पंधरा मिनिटांत त्या माणसाच्या श्वासाकडे कोणी पाहिले नव्हते.

बेशुद्ध माणसाची मान पुढे वाकली की जीभ मागे घशात पडते आणि श्वासाची वाट बंद होते. प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून उपचार इस्पितळाच्या दारात पोहोचण्याची वाट न पाहता, माणूस जिथे पडला तिथेच सुरू व्हायला हवा, ही गोष्ट आज जगभर मान्य झाली आहे. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याने आधी काय पाहायचे, मग काय करायचे, कोणते औषध कधी द्यायचे, डॉक्टरला कधी विचारायचे, याचा लेखी क्रम ठरलेला असतो. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. आपण उपचारक्रम म्हणू.

हा उपचारक्रम मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बसून लिहिला असेल आणि मग खालच्या माणसांना शिकवला असेल, अशी आपली समजूत असते. डॉक्टर त्यात होतेच. पण अमेरिकेत तो रस्त्यावर, चाळीच्या जिन्यात, रात्री-बेरात्री कसाला लावून दाखवणाऱ्यांत जे आघाडीवर होते, ते पिट्सबर्ग शहराच्या एका कृष्णवर्णीय वस्तीतले बेकार तरुण होते. त्यांचे नाव कित्येक वर्षे पुसले गेले होते, म्हणून त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

पोलीस गाडीतला रुग्ण

पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. दक्षिणेकडील राज्यांतल्या जुलमाला आणि दारिद्र्याला कंटाळून आलेले काळे मजूर या शहरात राबले आणि हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या चढावरच्या वस्तीत राहिले. १९५० च्या दशकात शहरसुधारणेच्या नावाखाली या वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला. सुमारे ८,००० माणसांना उठवले गेले आणि त्या जागेवर एक भव्य क्रीडागृह उभे राहिले. ते १९६१ साली उघडले. ज्यांनी आपल्याकडे झोपड्यांवर फिरलेला बुलडोझर पाहिला आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

त्या काळी पिट्सबर्गमध्ये आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी येई. आरोपींना कोठडीत नेणारी गाडी, तीच रुग्णवाहिका. दोन पोलीस उतरत, माणसाला स्ट्रेचरवर घालत, मागे ठेवत आणि दोघेही पुढे जाऊन बसत. मागे रुग्ण एकटा. त्यांना उपचाराचे शिक्षण जवळजवळ नसे. देशात इतरत्र परिस्थिती याहून विचित्र होती. अनेक गावांत प्रेत नेणारे व्यावसायिकच रुग्ण नेण्याचेही काम करीत, कारण आडवा माणूस मावेल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. रुग्ण वाटेत गेला तर गाडी बदलायची गरज नव्हती!

हिल डिस्ट्रिक्टच्या लोकांचे दुखणे दुहेरी होते. पोलिसांना बोलवावे तर ते वेळेवर येतील याचा भरवसा नव्हता, आणि आले तर कोणत्या नजरेने आणि कोणत्या हाताने येतील याची धास्ती होती. घरात माणूस तडफडतो आहे आणि मदतीसाठी ज्याला हाक मारायची त्याचीच भीती वाटते, ही अवस्था आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या तज्ज्ञांचे मत त्यात नोंदवले होते. ते म्हणत, गंभीर जखम व्हायचीच असेल तर शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर झालेली बरी, तिथे वाचण्याची शक्यता अधिक. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्गचे माजी महापौर आणि पेनसिल्व्हेनिया राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत बोलताना हृदय बंद पडून कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून न्यावे लागले. इस्पितळात डॉक्टरांनी हृदय पुन्हा चालू केले, पण मेंदू तोवर गेला होता. काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. वस्तीतल्या गरिबांवर जी वेळ रोज येत होती, ती एकदा राज्यपालपद भूषवलेल्या माणसावर आली, तेव्हा शहराचे डोळे थोडे उघडले.

डॉक्टर सफार

लॉरेन्स यांच्यावर उपचार करणाऱ्यांत एक होते डॉ. पीटर सफार. जन्म १९२४, व्हिएन्ना. आईच्या घराण्यात ज्यू वंशाचा धागा असल्यामुळे नाझी राजवटीत या कुटुंबाला पुष्कळ सोसावे लागले. पुढे ते अमेरिकेत आले आणि भूलतज्ज्ञ झाले.

सफार यांचे नाव वैद्यकशास्त्रात अजरामर आहे ते श्वासामुळे. १९५० च्या दशकापर्यंत बुडालेल्या किंवा बेशुद्ध माणसाला पालथे घालून त्याची पाठ दाबायची, हात वर-खाली करायचे, अशी पद्धत होती. सफार यांनी बाल्टिमोर येथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यांना औषधाने तात्पुरते लुळे करून त्यांचा श्वास थांबवला जाई आणि मग साध्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांना सांगितले जाई, आता तुम्ही यांना तोंडाने श्वास द्या. जुन्या पद्धतीने हवा फुप्फुसात पुरेशी जातच नाही हे त्यातून दिसले. कपाळ मागे झुकवून हनुवटी वर उचलली की जिभेचा अडसर दूर होतो आणि फुंकलेली हवा सरळ आत जाते, हेही दिसले. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की हे काम डॉक्टरेतर माणूस करू शकतो याचाच तो पुरावा होता. १९६० साली बाल्टिमोरच्याच दुसऱ्या संशोधकांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते हे जाहीर केले. सफार यांनी दोन्हीची सांगड घातली. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण. इंग्रजी अक्षरांनुसार हा क्रम ए-बी-सी म्हणून जगभर गेला.

१९६६ साली सफार यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात दगावली. वेळेवर, जागेवर मदत न मिळणे म्हणजे काय, हे त्यानंतर त्यांना कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

"बेकार" म्हटलेली माणसे

पिट्सबर्गमध्ये फिल हॅलन नावाचे गृहस्थ एका वैद्यकीय निधीचे प्रमुख होते. पूर्वी त्यांनी स्वतः अँब्युलन्स चालवली होती. काळ्या वस्तीसाठी तिथल्याच माणसांची रुग्णवाहिका काढावी, म्हणजे सेवाही होईल आणि रोजगारही मिळेल, ही कल्पना त्यांची. वस्तीत फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस ही कृष्णवर्णीयांनी चालवलेली संस्था होती. हॅलन, ही संस्था आणि डॉ. सफार एकत्र आले. हे १९६७ साल.

पहिल्या तुकडीत सुमारे २५ कृष्णवर्णीय पुरुष होते. बऱ्याच जणांची शाळा अर्धवट सुटलेली. काही व्हिएतनामच्या लढाईतून परतलेले. काहींच्या नावावर तुरुंगाची नोंद. सरकारी भाषेत ही सगळी "कामास अयोग्य" माणसे. अशांना प्रथमोपचाराचे दोन दिवसांचे वर्ग देऊन पट्टी बांधायला शिकवले असते तरी लोकांनी शाबासकी दिली असती. सफार यांनी त्यांना तब्बल ३०० तासांचा अभ्यासक्रम दिला. शरीररचना, शरीरक्रिया, श्वसन, हृदय, बाळंतपण, अपघात आणि गाडी सुरक्षित कशी चालवावी हेदेखील. शस्त्रक्रियागृहात उभे राहायचे, अपघात विभागात रात्रपाळी करायची. ज्यांची शाळा राहिली होती त्यांना ती पुरी करण्यासाठी मदत दिली गेली.

गाडीची रचनाही सफार यांनी बदलली. रुग्णाच्या डोक्याशी एक माणूस बसून श्वासाची वाट सांभाळू शकेल एवढी जागा त्यांनी ठेवायला लावली. किरकोळ वाटेल, पण पोलिसांच्या गाडीत नेमकी तीच जागा रिकामी असे.

१९६८ साली फ्रीडम हाऊसच्या गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्या वर्षात ५,८०० हून अधिक फेऱ्या झाल्या, आणि या सेवेमुळे त्या वर्षी सुमारे २०० प्राण वाचले असा डॉक्टरांचा हिशेब होता. हे सोपेपणाने झाले नाही. पोलीस बोलावणे यांच्याकडे पाठवायला टाळाटाळ करीत. मग हे लोक पोलिसांचा रेडिओ ऐकत बसत आणि त्यांच्या आधी जागेवर पोहोचत. काही गोरे रुग्ण वेदनेने विव्हळत असतानाही काळ्या माणसाने हात लावू नये म्हणून हात झटकत. जीव जाण्याच्या घटकेलाही विटाळ सुटत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. तो रोग फक्त आपल्याच देशात आहे असे मात्र समजू नये.

जॉन मून हा तरुण तेव्हा तिथल्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. एके दिवशी गणवेशातले दोन काळे तरुण रुग्णाला घेऊन आत आले आणि डॉक्टरांना रुग्णाची हकीकत अधिकाराने सांगू लागले. मून पाहतच राहिला. इस्पितळात काळा माणूस म्हणजे फरशी पुसणारा किंवा स्ट्रेचर ढकलणारा, एवढेच त्याने पाहिले होते. त्याने चौकशी केली, शिक्षण घेतले आणि १९७२ साली तो फ्रीडम हाऊसमध्ये दाखल झाला. इस्पितळाबाहेर, प्रत्यक्ष जागेवर रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या काही कर्मचाऱ्यांत पुढे त्याचे नाव घेतले गेले.

उपचारक्रम म्हणजे काय

आता या कामाचा गाभा पाहू. कर्मचारी खोलीत शिरतो तेव्हा भोवती रडारड असते, दहा जण दहा गोष्टी सांगत असतात. अशा वेळी विचार करून ठरवायला सवड नसते. म्हणून क्रम आधीच ठरलेला आणि हाताला बसलेला असावा लागतो. जागा सुरक्षित आहे का, विजेची तार तर पडलेली नाही? माणूस हाकेला ओ देतो का? श्वासाची वाट मोकळी आहे का? छाती हलते का? नाडी लागते का? रक्त कुठून वाहते आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बाकीच्या कशाकडे वळायचे नाही. पाय मोडून वाकडा झालेला असेल, पाहणाऱ्याचे सगळे लक्ष त्या पायाकडे जाते. पण पाय माणसाला लगेच मारत नाही, अडकलेला श्वास मारतो.

त्यानंतर आजारानुसार वाटा फुटतात. मादक पदार्थाच्या अतिसेवनाने पडलेल्या माणसाला आधी पिशवी व मुखवट्याने श्वास द्यायचा, मग नालोक्सोन नावाचे औषध. त्याने मंदावलेला श्वास परत येतो. हे औषध रस्त्यावर वापरणाऱ्या पहिल्या लोकांत फ्रीडम हाऊसवाले होते. मधुमेही बेशुद्ध असेल तर साखर शिरेतून द्यायची, तोंडात काही घालायचे नाही. उंचावरून पडलेल्याची मान हलू द्यायची नाही. हृदयविकार वाटला तर आलेख काढायचा आणि रेडिओवरून डॉक्टरला सांगायचे. कर्मचारी डॉक्टर नसतो. पण डॉक्टरने आधी लिहून दिलेल्या आज्ञेच्या बळावर तो डॉक्टरचा हात बनतो.

या क्रमात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. त्या कागदावर रुग्णाचा वंश, त्याची गल्ली, त्याचे कपडे यांना रकानाच नाही. दारू पिऊन पडला असेल असे मनाशी ठरवून निघून जाण्याची मुभा तो कागद देत नाही. दारूचा वास आला तरी श्वास, नाडी, साखर, डोक्याची जखम हे सर्व पाहावेच लागते.

१९७४ साली डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या गाड्यांबरोबर स्वतः फिरत, रात्री केंद्रावरच झोपत, रेडिओ कानाशी ठेवीत. प्रत्येक फेरीनंतर काय चुकले याची उलटतपासणी होई, आणि ती फार गोड शब्दांत नसे! रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी देशपातळीवरचा अभ्यासक्रम तयार करण्याचे काम केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने त्यांच्याकडे सोपवले. तो प्रत्यक्षात उतरवून पाहिला गेला तो याच काळ्या कर्मचाऱ्यांच्या हातून. १९७९ साली बाईंचे रस्त्यावरील तातडीच्या उपचारांविषयीचे पाठ्यपुस्तक निघाले. त्याच्या नव्या आवृत्त्यांवर पुढच्या पिढ्या शिकल्या.

मोबदला काय मिळाला?

इतके झाल्यावर शहराने या लोकांचा सत्कार केला असेल असे कोणाला वाटेल. गोऱ्या वस्त्यांतले लोक विचारू लागले, हिल डिस्ट्रिक्टमध्ये अशी सेवा आहे, मग आमच्याकडे का नाही? तेव्हा नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊसचा पैसा थांबला. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी फ्रीडम हाऊस बंद झाले. कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घ्यावे, अशी अट कॅरोलाइनबाईंनी घातली होती आणि ती मान्यही झाली. पण मग नव्या परीक्षा आल्या, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी उकरल्या गेल्या, कमी अनुभवाच्या गोऱ्या माणसांच्या हाताखाली यांना नेमले गेले. एकेक करून बहुतेक जण बाहेर पडले. ज्यांनी अभ्यासक्रम घडवला, तेच परीक्षेत नापास ठरले. परीक्षा कोण घेतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

जॉन मून मात्र टिकून राहिले. ते शहराच्या सेवेत उपप्रमुखाच्या पदापर्यंत चढले, कृष्णवर्णीय तरुणांची भरती व्हावी म्हणून झटले आणि २००९ साली निवृत्त झाले. दुसरे सहकारी मिचेल ब्राउन ओहायो राज्यातील कोलंबस शहराचे सार्वजनिक सुरक्षा संचालक झाले. २००९ च्या सुमारास या मंडळींवर माहितीपट आला, २०२२ साली केविन हॅझर्ड यांचे पुस्तक आले, तेव्हा कुठे ही हकीकत त्यांच्याच देशात सर्वांना कळू लागली.

आपल्या दारात

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि गाडीत डॉक्टर देण्याची योजना होती. त्या गाडीतले काम चालते ते अशाच ठरलेल्या क्रमाने. म्हणून गाडी आल्यावर माणसाला आत ढकलून "आधी चला" असा हट्ट धरू नये. जागेवर लावलेली पाच मिनिटे वाया जात नसतात.

गाडी येईपर्यंत घरच्यांच्या हातात बरेच असते. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवावे, तोंड जरा जमिनीकडे ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. फिट आलेल्याला चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या वस्तू सरकवाव्यात आणि झटका संपल्यावर कुशीवर करावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घेऊन दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये.

मोठा माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवावे. छातीच्या मध्यभागी तळहाताचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असे दाबत राहावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसासाठी २०१० पासून छातीचा दाब आधी, असा क्रम अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने केला आहे. बुडालेल्यांना आणि लहान मुलांना मात्र श्वासही द्यावा लागतो. ते प्रशिक्षित माणसाकडून एकदा शिकून घ्यावे. आपल्या मंडळाने, महिला मंडळाने अशा शिक्षणाचा एक दिवस ठेवायला काय हरकत आहे?

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

१०८ ला फोन करताना आधी पत्ता सांगावा, मग काय झाले ते. वस्तीतल्या घरांना सगळीकडे नंबर नसतात, म्हणून जवळची शाळा, विहार, रेशन दुकान अशी खूण द्यावी. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये. जिन्यातल्या सायकली आणि पिंपे बाजूला करावीत, दिवा लावावा आणि एका हुशार मुलाला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे.